लाभार्थी क्रमांक चौदा

॥ श्री ॥
गास, दि. १३ डिसेंबर २०२४

चि. जितेश यास आनंदीआत्याचे अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि नंतर करतो म्हणतोस. तो तुझा 'नंतर' काही गासपर्यंत पोचत नाही. शिवाय फोन अर्ध्यावर तोडता येतो. पत्र कसं, कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाचावं लागतं.

तर हकिगत अशी. गेल्या रविवारी सकाळी सात-आठ मुलंमुली पिवळे टीशर्ट घालून वाडीत शिरली. टीशर्टवर 'सेवा हाच श्वास' असं छापलेलं. मी खुडलेला सोनचाफा पाट्यांत भरत होते. एकाने माझ्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं, दोघांनी मागे कापडी फलक धरला आणि एक जण फोटो काढू लागला. मला वाटलं, पोरांचा काहीतरी खेळ चाललाय, म्हणून मी हसले. तर फोटोवाला म्हणाला की आजी, हसू नका, जरा थकल्यासारखं बघा. पहाटेपासून मी उभी, तरी मला थकल्यासारखं बघणं काही जमेना. चार फोटो वाया गेले. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि घरात पंखा चालू होता.

ब्लँकेटचं मी मनावर घेतलं नव्हतं. पण बुधवारी शेजारचा स्टॅनी नाक्यावरून आला तो चेहरा पाडून, आणि काय झालं ते सांगेना. शेवटी मीच जाऊन पाहिलं. नाक्यावर हा मोठा फ्लेक्स. वर अक्षरं, 'निराधार मातांना मायेची ऊब'. उजवीकडे ब्लँकेटात लिंबाएवढी मी. डावीकडे हात जोडून ताटाएवढा तू. खाली पाऊलवाट युवा विकास क्लब, एव्हरशाईन सिटी, मार्गदर्शक मा. श्री. जितेश राऊत.

अरे, मी निराधार झाले कधी? साठ झाडं सोनचाफ्याची आहेत, केळी आहेत, माड आहेत. फुलं खुडायला तीन बायका माझ्याकडे रोज कामाला येतात. तुझी आई गेल्यावर सहावीपासून बी. कॉम. होईस्तोवर तू याच घरात जेवलास. तेव्हा कोण कोणाचा आधार होतं, याची तुमच्या क्लबात कुठे नोंद आहे का?

फलक लागल्यापासून माझी चंगळ आहे. स्टॅनीची बायको ॲनी पेज घेऊन आली. चर्चच्या बायकांनी तांदूळ पाठवले. ज्येष्ठ नागरिक संघाने काठी दिली, ती मी कैऱ्या पाडायला ठेवली आहे. काल मात्र एक जमिनीचा दलाल ओटीवर येऊन बसला. तुमच्यामागे कोणीच नाही असं कळलं, तर वाडीचं काय ठरवलंय, असं विचारत होता. त्याला हाकलला, पण रात्री दाराला दोन्ही कड्या लावल्या, खोटं कशाला सांगू.

माझं मागणं एकच. नाताळात सगळा गाव नाक्यावरून जाणार. त्याआधी तो फलक उतरव, आणि तो तू स्वतः येऊन उतरव. पोरांना पाठवू नकोस. मग घरी ये, जेव, आणि त्या दलालाला दिसेल असा तासभर ओटीवर बस.

सौ. सुरुचीला आणि कृतिकाला आशीर्वाद. लोभ माझ्याकडे भरपूर आहे, न्यायला मात्र यावं लागेल.

तुझी,
आनंदीआत्या


एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व), दि. १९ डिसेंबर २०२४

ती. आनंदीआत्यास जितेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कार्यबाहुल्यामुळे उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. घडला प्रकार खेदजनक आहे. पंचवीस लाभार्थींची यादी मुलांनी सर्व्हे करून बनवली होती. मी फक्त शेवटच्या पानावर सही केली. त्यात चौदावं नाव तुझं असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

आमच्या क्लबाचा 'षड्ऋतू सेवा' हा उपक्रम तुला ठाऊक नसेल. प्रत्येक ऋतूला एक सेवा. वर्षा ऋतूत चिंचोटीला धबधब्याजवळचा कचरा उचलला, शरदात निर्माल्य गोळा केलं, हेमंतात ब्लँकेटं. आता शिशिरात 'संवाद ज्येष्ठांशी'. त्यासाठी मी दर रविवारी विरारच्या एका वृद्धाश्रमात जाऊन एकटेपणावर मात कशी करावी यावर बोलतो. आजी-आजोबा फार भारावून जातात. त्यामुळे नाताळाआधी मला एकही रविवार मोकळा नाही. तरी दोन जबाबदार मुलांना बावीस तारखेला पाठवतो, ती फलक उतरवतील.

एक नाजूक विनंती आहे. युवा क्लब महासंघाच्या आदर्श क्लब पुरस्कारासाठी आमचं नाव गेलंय. १९ जानेवारीला निवड समिती काही लाभार्थींच्या घरी जाणार. लाभार्थी किमान पंचवीस हवेत ही अट आहे. तुझं नाव काढलं तर चोवीस राहतात. तेव्हा २६ जानेवारीला पुरस्कार मिळेपर्यंत तू यादीत राहावंस. आणि समिती आली तर आपलं नातं सांगू नकोस. मी नातेवाइकांनाच लाभ वाटतो असा त्यांचा गैरसमज होईल.

ब्लँकेट चांगल्यापैकी आहे, वापरत जा. आहे तेवढा लोभ सांभाळून ठेव, मोकळा झालो की येतोच.

तुझा,
जितेश


॥ श्री ॥
गास, दि. २७ डिसेंबर २०२४

चि. जितेश यास अ. उ. आ.

तुझं पत्र पाच दिवसांनी पोचलं. एव्हरशाईनपासून गास म्हणजे अर्ध्या तासाची वाट. तिला पत्राने पाच दिवस घेतले, तरी ते तुझ्यापेक्षा लवकर आलं.

तुझी दोन जबाबदार मुलं रविवारी आली. फलकाची उजवी बाजू माडाला बांधलेली आणि डावी विजेच्या खांबाला. शिडी आणली नव्हती. खांबाला हात लावायला ती घाबरली, ते शहाणपणाचंच झालं. मग त्यांनी पात्याने फलक तुझ्या खांद्यालगत कापला, माझी बाजू गुंडाळून मला आणून दिली आणि सेवा केल्याचा फोटो काढून गेली. आता नाक्यावर उरलास तू. हात जोडलेला, ताटाएवढा, आणि डोक्यावर एकच शब्द, निराधार. नाताळात येणारा-जाणारा थांबून बघत होता. एका पाहुण्याने तर ॲनीला विचारलं की या गृहस्थांवर काय प्रसंग ओढवलाय. ॲनीने त्याला काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही, पण हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दलाल पुन्हा येऊन गेला. या खेपेला मिठाई आणली होती. माझा भाचा एव्हरशाईनमध्ये राहतो असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला की मी दोनदा आलो, भाचेसाहेब काही दिसले नाहीत. मिठाई मी त्याच्या हाती परत दिली.

वृद्धाश्रमात तू एकटेपणावर फार छान बोलतोस म्हणे. मला ऐकायचंय. त्यासाठी वृद्धाश्रमात नाव घालावं लागतं की यादीतल्या माणसालाही सवलत आहे?

समितीपुढे गप्प बसेन, पण अट माझीही आहे. उरलेला फलक तू स्वतः उतरव आणि घरी ये. मागल्या वर्षीच्या गणपतीत तू शेवटचा आलास तो रिक्षा दारात थांबवून. आरतीपेक्षा तुझं लक्ष रिक्षाकडे होतं. यंदा तर गणपतीनेही तुझी वाट पाहिली नाही. या वेळी रिक्षा परत पाठव.

सुरुची, कृतिकाला आशीर्वाद. लोभ अजून शिळा झालेला नाही.

तुझी,
आनंदीआत्या


एव्हरशाईन सिटी, दि. ५ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

त्या अर्ध्या फलकाचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. ऑफिसातल्या दोघांनी मला फोन करून धीर दिला. मुलांना मी चांगलंच फैलावर घेतलं.

मग यादीत तुझं नाव कोणी घातलं याची मी चौकशी केली. उन्नती नावाची कॉलेजातली मुलगी आहे, मूळची साताऱ्याकडची. तिला क्लबातून काढायचं मी ठरवलंच होतं. पण तिने तुझा फॉर्म पुढे ठेवला आणि मी चाट पडलो. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. घरात कोण, तर एकटी. जवळचे नातेवाईक, तर एक भाचा. शेवटची भेट, तर गेल्या वर्षी गणपतीत, चाळीस मिनिटं. अडचणीला कोणाला हाक मारता, तर शेजारच्या ॲनीला. आणि खाली सही तुझी, ठळक, वळणदार.

म्हणजे आत्या, चूक आमची नव्हतीच. माहिती तू दिलीस, सही तू केलीस, आणि पत्रांतून सुनावतेस मला. हे काही बरं नाही. त्यातला भाचा कोण हे उन्नतीला माहीत नाही, ही देवाची कृपा. तिला मी क्लबात ठेवलंय, कारण कागदपत्रं तिची एकदम चोख असतात.

१९ तारखेचं तेवढं सांभाळ. राग आणि लोभ दोन्ही असू दे, पण समिती गेल्यावर.

तुझा,
जितेश


॥ श्री ॥
गास, दि. २१ जानेवारी २०२५

चि. जितेश यास अ. उ. आ.

फॉर्म माझाच, सहीही माझीच. पण त्या दिवशी काय झालं ते तुझ्या नकलेत उतरलेलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी ती उन्नती पाणी मागायला आली. मी फुलं निवडत बसले होते, ती शेजारी बसून निवडायला लागली. चिंचोटीला फोटोसाठी पोतं भरेना म्हणून तुम्ही त्यात पाला कोंबला होता, हे तिनेच सांगितलं. मग तिने विचारलं की घरात कोण असतं, कोण येतं-जातं. जितेश, तिने विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबली. दोन तास थांबली. म्हणून मी खरं ते सांगितलं. 'एकटी' हा शब्द माझा. त्याचं 'निराधार' तुमच्या क्लबात झालं.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? फलकाचं नाही, त्यावर मी गावासकट हसले. वाईट याचं वाटलं की तो फॉर्म तू वाचलास, त्यात तुला माझी सही दिसली, आणि शेवटच्या भेटीचा रकाना दिसला नाही.

समिती येऊन गेली. दोन गृहस्थ आणि एक बाई होत्या. मी ब्लँकेट पांघरून बसले, अजिबात हसले नाही. बाईंनी विचारलं की तुमचं जवळचं कोणी आहे का. मी म्हटलं, एक भाचा आहे, मोठं समाजकार्य करतो, दर रविवारी म्हाताऱ्या माणसांना भेटायला जातो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि असा मुलगा घरोघरी हवा असं म्हणाल्या. मी बरं म्हटलं. तुमचा पुरस्कार आता कुठे जात नाही.

मी शब्द पाळला. आता तुझी पाळी. तुझी वाट बघते आहे, हे मी पहिल्यांदाच सरळ लिहितेय, ते तेवढ्याच सरळ वाच. लोभाचं तू आलास की बोलू.

तुझी,
आनंदीआत्या


एव्हरशाईन सिटी, दि. २८ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पुरस्कार मिळाला. समितीने तुझा खास उल्लेख केला, अर्थात नाव न घेता.

आणि तुझी इच्छाही पूर्ण केली. २६ तारखेला सकाळी सातला मी स्वतः शिडी घेऊन नाक्यावर आलो आणि स्वतःच्या हाताने फलक उतरवला. फोटो सोबत पाठवतोय, अहवालात 'चूक सुधारणारे नेतृत्व' म्हणून टाकला आहे. नऊला विरारला समारंभ होता, त्यामुळे घरी यायला जमलं नाही. शिडीवरून आपलं घर दिसलं. दार उघडंच होतं. बरं वाटलं. वसंतातला उपक्रम आटोपला की निवांत येतो.

लोभ आहेच, तो मी गृहीत धरतो.

तुझा,
जितेश


गास, दि. ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. मार्गदर्शक,
पाऊलवाट युवा विकास क्लब, एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)

विषय : फॉर्मातली माहिती दुरुस्त करण्याबाबत.

स. न. वि. वि.

आपल्याला पुरस्कार मिळाल्याचं वाचून आनंद झाला. आपण दार उघडं पाहिलंत, त्याचा खुलासा करते. आपण शिडीवर आहात हे स्टॅनीने धावत येऊन सांगितलं, म्हणून ते उघडलं होतं. आत चहाचं आधण दोन कपांचं ठेवलं होतं. नाक्यापासून आमचं घर तीनशे पावलांवर आहे. दुसरा कप स्टॅनीने घेतला.

आपल्या क्लबातली कु. उन्नती हल्ली रविवारी इकडे येते. टीशर्ट घालून येत नाही. दलाल आला तेव्हा ती ओटीवर बसून होती, तिने त्याला नाव-गाव विचारून वहीत लिहायला घेतलं, तो परत आला नाही. ती इथे येते ही तिची सेवा समजू नये आणि क्लबात तिच्या नावावर मोजल्या जाणाऱ्या सेवेच्या तासांत धरू नये.

आता मुख्य विषय. माझ्या फॉर्मात 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात 'एक भाचा' असं लिहिलं आहे. ते मीच सांगितलं होतं, चूक माझी. कृपया ते खोडून तिथे 'कोणी नाही' असं लिहावं. त्याच्या पुढचा शेवटच्या भेटीचा रकानाही मग रिकामा ठेवावा. म्हणजे माझं नाव आपल्या यादीत नियमाने बसेल आणि आपल्या पुरस्काराला बाधा येणार नाही.

बाकी माहिती बरोबर आहे. लोभाचा रकाना फॉर्मावर नव्हता, म्हणून तो भरलेला नाही.

आपली,
आनंदीबाई राऊत
लाभार्थी क्रमांक चौदा