पंधरा तारखेच्या आत

३ नोव्हें., सोम. विश्रांतवाडी

दुपारी अनघाचा फोन. येत नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडे आलं. खराडीच्या ऑफिसात शेजारी बसून सात महिने आखलेली अंदमानची ट्रिप. तिला वाईट वाटलं असणार, पण आवाज सुटका झाल्यासारखा होता. पाण्याला भ्यायचीच ती.

मीही रद्द करणार होते. आई अकोल्याहून म्हणाली, एकटी बाई कशाला जातेस. तेव्हा जायचं नक्की झालं.

संध्याकाळी कसब्यात श्रीकांतना भेटले. चौथी भेट. गल्लीबोळातून नुसतं चाललो. शाळेत गणित शिकवतात, बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी सातवीत आहे. माझा घटस्फोट का झाला ते अजून विचारलेलं नाही. म्हणाले, "आमच्या वहिनींना पंधरा तारखेच्या आत उत्तर हवंय. दुसरं एक स्थळ थांबवून ठेवलंय त्यांनी. आपल्यावर दडपण नाही."

दडपण नाही म्हणे.

६ नोव्हें., गुरु. हॅवलॉक

काल पोर्ट ब्लेअर, आज बोटीने इथे. बोटीत एका काकूंनी विचारलं, मिस्टर कुठे आहेत? पुण्याला, म्हटलं. खोटं पटकन आलं.

बांबूची झोपडी. मालकीणबाई बंगाली, सगळे त्यांना मायामासी म्हणतात. जेवताना समोर बसतात, हिंदीत चौकशा करतात. मोबाइलला रेंज नाही. बाजारात एक फोन बूथ आहे, तिथून आईला कळवलं.

झोपडीच्या पायरीवर शंखातले खेकडे. पाय वाजला की आत. आपला पाय कोणालाच नको असल्यासारखं वाटतं.

७ नोव्हें., शुक्र.

पहिला डाइव्ह. फजिती. शिकवणारे जोसेफ पन्नाशीचे, तुतिकोरिनचे. वडील शंख काढायला बुडी मारायचे, बिनानळीचे. फार बोलत नाहीत.

खाली दोन-तीन मीटरवर नळीतून श्वास जमला, कान मोकळे झाले, मजा वाटायला लागली. त्यांनी खुणेने विचारलं, ठीक? मी ऐटीत अंगठा वर केला. त्यांनी मला धरलं आणि थेट वर आणलं. पाण्याखाली अंगठा म्हणजे वर चला. सकाळी शिकवलं होतं, मी विसरले. ठीक म्हणायला बोटांचं वर्तुळ करायचं. मी ठीक होते हो, म्हटलं. ते म्हणाले, मला जे दिसतं तेच मी मानतो.

बोटीत बसून एकटीच हसत होते. सांगायला कोणी नाही.

८ नोव्हें., शनि.

आज दहा मीटर. काय लिहू. प्रवाळाचे डोंगर, जांभळे, पिवळे, काही हरणाच्या शिंगांसारखे. निळ्या पोपटमाशांचा प्रवाळ कुरतडण्याचा आवाज येतो, कुरमुरे खाल्ल्यासारखा. आणि कासव. माझ्यापासून दोन हातांवर, खडकाखालून निघालं, एकदा बघितलं, आणि आपल्या कामाला गेलं. घाई नाही, भीती नाही.

वर आल्यावर मास्कमध्ये पाणी होतं. समुद्राचं नव्हतं.

सांगावंसं वाटलं ते श्रीकांतना. अनघाला नाही, आईला नाही. ते 'अरे वा' म्हणणार नाहीत. विचारतील, कासव किती मोठं होतं? आणि मग ऐकतील.

९ नोव्हें., रवि.

म्हणजे हो. असंच दिसतंय.

बूथपर्यंत गेले, दोन माणसं पुढे होती, परत आले. मागच्या वेळी मुलगा बघितला त्याच संध्याकाळी हो म्हटलं होतं. सहा वर्षं लागली त्यातून निघायला. या वेळी तीन-चार दिवस तरी 'हो' जवळ ठेवून बघायचं. बुधवारी फोन करीन. बारा तारीख. भरपूर वेळ आहे.

११ नोव्हें., मंगळ.

सकाळपासून वारा. समुद्र शिशासारखा. जोसेफनी डाइव्ह रद्द केला, बोट ओढून माडांना बांधली. उपसागरात वादळ आहे म्हणतात. उद्याची पो. ब्ले.ची बोटही रद्द. दुपारी वीज गेली.

१२ नोव्हें., बुध.

बूथ बंद. लाइनच मेली आहे. बूथवाला म्हणाला, टॉवर पडलाय की केबल तुटलीय, कोणालाच ठाऊक नाही. छत्री उलटी झाली, भिजून परत.

१३ नोव्हें.

पाऊस. बोट नाही. मायामासींच्या स्वयंपाकघरात बसले, तिथे निदान चूल आहे. दिवाळीचा चिवडा बरोबर होता तो दिला. त्यांनी विचारलं, रोज बाजारात कशाला धावतेस? सांगितलं सगळं. मोडक्यातोडक्या हिंदीत. इतकं नीट मराठीत कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, त्याला माहीत आहे ना तू कुठे आहेस? मग समजेल.

माहीत आहे. पण वादळाचं पुण्यात कोणाला कळणार.

१५ नोव्हें., शनि.

जेटीवर सकाळी सहापासून. बोट नाही. एक मोठी घोरपड जेटीच्या दगडांवर अंग पसरून पडली होती, लोक तिला वळसा घालून जात होते. दुपारी बाजारात, बूथ तसाच. जोसेफकडे वायरलेस आहे, पण तो किनाऱ्यापर्यंतच.

बुधवार का म्हटलं मी. रविवारी दोनच माणसं होती पुढे.

१७ नोव्हें., सोम. पोर्ट ब्लेअर

बोट सुटली. तीन तास उलट्या. उतरल्या उतरल्या बूथ. श्रीकांत शाळेत, फोन वहिनींनी घेतला. मी वादळाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आम्ही पंधरापर्यंत वाट पाहिली हो. आपला फोन लागेना. तेव्हा काय ते समजलो. काल तिकडे होकार कळवला." मग थोडं थांबून, "प्रवास नीट करा."

मी "बरं" म्हटलं. बाहेर येऊन बाकावर बसले. किती वेळ ते आठवत नाही.

२० नोव्हें., गुरु. विश्रांतवाडी

ऑफिसला गेले. अनघा म्हणाली, काय मस्त काळी झालीस. फोटो दाखवले. कासवाचा नाहीच, कॅमेरा खाली नव्हता. बाकीचं तिला सांगितलं नाही.

२१ नोव्हें., शुक्र.

न जायचं ठरवून गेले. शाळा सुटल्यावर श्रीकांत फाटकातून बाहेर आले, मला बघून थबकले. वहिनींनी माझा फोन आल्याचं सांगितलं होतं, वादळाचं मात्र निम्मंच. पेपरात दोन ओळी आल्या होत्या म्हणाले, बेटाचं नाव नव्हतं. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, तुम्ही स्पष्ट आहात. नको असेल म्हणून गप्प राहिलात."

पहिल्यांदाच 'आपण' सोडून 'तुम्ही'.

नदीकडे चालत गेलो. मी कासवाचं सांगितलं. किती मोठं होतं, त्यांनी विचारलं. मी हात पसरून दाखवलं.

"उत्तर काय होतं?"

"हो होतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, होकार वहिनींनी दिलाय, मी त्या बाईंना अजून भेटलेलो नाही. रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरलंय. शब्द दिलेला आहे. मी म्हटलं, मी काही मागायला आले नाही. खरं होतं का ते? तेव्हा वाटलं होतं.

जाताना म्हणाले, "मला रविवारपर्यंत द्या." मी मान हलवली. काय द्यायचं ते दोघांनीही विचारलं नाही.

२३ नोव्हें., रवि.

साडेदहा. निघाले असतील.

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. त्याही सकाळपासून तयार होऊन बसल्या असतील. कोणी सांगितलं असेल त्यांना, माणूस चांगला आहे, फार बोलत नाही. त्यांनीही वाट पाहिलीच की, माझ्या उत्तरासाठी. त्यांचं काय चुकलं?

खिचडी टाकली. आईचा फोन आला, दोन मिनिटांत ठेवला, लाइन अडकायला नको म्हणून. आई म्हणाली, कुणाचा येणार आहे का? कुणाचा नाही, म्हटलं.

बारा.

मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून बाहेर येऊन बसले. मग उठले, जाऊन घेऊन आले.