ओट्यावरचा कॅफे

९ जानेवारी २०२५

चोर! गावतळ्याभोवतीची पायवाट माझी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या माझ्या, करंजांची रांगसुद्धा माझी. मी तापाने पडले होते, तेवढ्यात यज्ञेशने ग्रुपच्या लॅपटॉपवरून तळ्याच्या सुशोभीकरणाचं माझं ड्रॉइंग उचललं आणि आज आर्किटेक्चर कॉलेजात जुरीसमोर "माझी संकल्पना" म्हणून मांडलं. अवधूतसरांकडे गेले, तर म्हणतात, "एकच कल्पना दोघांना सुचू शकते, चैत्राली." तळं बेलवलीचं, मी बेलवलीची, आणि सुचलं अंबरनाथच्या पोराला!

बघून घेईन.

१४ जानेवारी

आईने वर्गात वाटायला तिळगूळ दिला. यज्ञेशला सोडून सगळ्यांना वाटला.

२० जानेवारी

आज देव पावला! यज्ञेशने ड्रॉइंगमध्ये तळ्याकाठच्या पिंपळाखालच्या ओट्यावर कॅफे काढलाय. छत्र्या, खुर्च्या, वर रंगीत दिवे. म्हणे, "ती जागा रिकामीच असते यार, कोई बैठता ही नहीं."

कुणी कसं बसेल? गावात कुणी गेलं की दहावा त्याच ओट्यावर होतो. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. गेल्या पावसाळ्यात बाबांचाही तिथेच झाला. कावळा शिवेचना. शेवटी आई म्हणाली, "पोरीचं शिक्षण मी पुरं करीन, काळजी करू नका." तेव्हा कुठे शिवला.

वर मलाच विचारतो, "तू तिथलीच ना? काही चुकलं असेल तर सांग."

"काही नाही चुकलं. मस्त दिसतंय," म्हटलं. गावकऱ्यांना आराखडे दाखवायचं प्रदर्शन गावच्या समाजमंदिरातच आहे. मांड म्हणावं आता.

१ फेब्रुवारी

उद्या! दहाव्याचं सगळं जनूकाका बघतात. तापट माणूस. यज्ञेशची सालटी काढतील. मी पुढच्याच रांगेत बसणार आहे.

२ फेब्रुवारी

सुरुवातीला तरी सगळं मनासारखं झालं. त्याने कॅफे दाखवला. लगेच शेजारची वेणूआत्या उठली. "आमच्या मयतांचे जागंवर चा पिनार काय तुमी?" मग एकच गलका. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात जनूकाका उठले. त्याच्याकडे वळूनही न बघता सरळ माझ्यासमोर आले. अजिबात ओरडले नाहीत.

"तो परका पोरगा, त्याला काय ठाव? तू तं आपली ना गो? तुझ्या बापाचा दहावा मीच केला तिथं. तू याला बोलली नाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. यज्ञेशसुद्धा. तेव्हाच त्याला कळलं. ताप, लॅपटॉप, चोरी - माझ्याकडे सांगण्यासारखं केवढं होतं, पण काही म्हणजे काही बोलता आलं नाही. आई मागच्या दाराने निघून गेली.

५ फेब्रुवारी

चोर तोच आहे. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण मान खाली घालून गावातून चालतेय मी! वेणूआत्या दारात होती. मला बघून आत गेली.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी जनूकाका आले होते. काल यज्ञेश ड्रॉइंगमधला कॅफे खोडून त्यांच्या घरी गेला होता, माफी मागून आला. ओट्यावर छप्पर आणि दहाव्याला येणाऱ्या बायकांना बसायला सावली हवी आहे, ते काम गावाने त्याला सांगितलंय. त्याचा नंबर घ्यायचा राहिला, म्हणून मला न विचारता आईकडे मागत होते. आईने मला हाक मारली.

मी दिला.