डब्यातल्या बिअरला फुलांचा वास

४ फेब्रुवारी
गेली! तेवीस लिटर बिअर गवतात ओतली. ग्लेनिसनं ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "चीज," म्हणाली. मग जरा विचार करून, "नाही, तुझे मोजे." मला काय कळणार! दोन वर्षांपूर्वीच्या तापानं वास नेला तो नेलाच.

चूक शेडमध्ये सापडली. हॉप्सच्या वाळक्या फुलांची पिशवी गेल्या उन्हाळ्यापासून तोंड उघडं टाकून पडली होती. जुन्या हॉप्सना मोज्यांसारखी घाण येते हे आमच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबात काल आलेल्या माणसालाही ठाऊक असतं — पिशवी उघडली की नाकच सांगतं. मी उघडली, ओतली, शीळ घालत घरात आलो.

आणि क्लबात मला अजून 'आपलं नाक' म्हणतात. कुणाची बिअर बिघडली की बोलवा मर्वला. सर्दी झालीय म्हणून सुटका करून घेतो. दोन वर्षं सर्दी! खरं फक्त बायकोला, ग्लेनिसला माहीत आहे.

५ फेब्रुवारी
सकाळपासून स्वतःवर चिडलोय. १५ मार्चला क्लबची स्पर्धा, यंदा गट फुलांच्या वासाच्या एल बिअरचा. ठरलं, उतरायचं. नाही जमलं तर बादली-बाटल्या देऊन टाकायच्या आणि टोमॅटो लावत बसायचं. लिहून ठेवतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

करायची तीही धान्याच्या डब्यातल्या तयार पाकाची. आमचा परीक्षक केल्विन धान्य दळण्यापासून सगळं स्वतः करतो. डब्यातली बिअर म्हणजे पाकिटातलं सूप, म्हणतो. म्हणू दे.

८ फेब्रुवारी
मोटुएका गावाजवळच्या हॉप्सच्या मळ्यावर गेलो. वेली तारांवर चढून गच्च झाल्यात, तोडणीला अजून वेळ आहे. गेल्या हंगामातले हवाबंद, थंडीत ठेवलेले हॉप्स घेतले. तीन जाती — पॅसिफिका, कॅस्केड, वाकाटू. मळेवाल्या शोनानं तळहातावर चुरडून माझ्या नाकाशी धरले. मी खोल श्वास घेतला, मान डोलावली, "वा!" म्हणालो. गाडीत बसल्यावर लाज वाटली.

११ फेब्रुवारी
तीन बरण्या, गरम पाणी, चिमूट चिमूट हॉप्स, वर झाकण. पाणी उकळतं नको — उकळलं की वास उडतो आणि कडूपणा उतरतो, आणि कडूपणा डब्यात आधीच पुरेसा असतो. कुठल्या बरणीत काय ते ग्लेनिसला सांगितलं नाही. पहिली हुंगून म्हणाली, संत्र्याची साल. दुसरी, पपनस. फूल कुठंय, मी विचारलं. म्हणाली, "मला बिअरमधलं काय कळतं? साबण म्हणू का?" भांडणच व्हायचं राहिलं.

तिसरीला काही बोलली नाही. मी विचारलं, काय? "थांब ना," म्हणाली. बरणी परत नाकाशी धरली. डोळे मिटले. चौतीस वर्षांच्या संसारात बिअरच्या कुठल्याही वस्तूपाशी ती एवढा वेळ थांबलेली नाही!

वाकाटू. तिच्या शब्दांच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता, तोंडाकडे बघायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी
डब्यातला काकवीसारखा पाक बादलीत ओतला. साखर, पाणी, यीस्ट. झाकण लावलं.

१९ फेब्रुवारी
बुडबुडे मंदावले. आता हॉप्स — आधी घातले असते तर वास बुडबुड्यांबरोबर गेला असता. चाळीस ग्रॅम वाकाटू, वर दहा कॅस्केड. कापडी पिशवीत बांधले, वजनाला उकळून घेतलेले दोन चमचे, नाहीतर पिशवी तरंगत बसते. जास्त झाले तर गवताचा वास येतो. जास्त झालेत का? कुणाला विचारू!

२३ फेब्रुवारी
बाटल्या भरल्या. फेस धरायला आता दोन आठवडे. ग्लेनिस न बोलावता शेडच्या दारात येऊन उभी राहिली. का आलीस, म्हटलं. सहज, म्हणाली.

३ मार्च
धीर धरवत नाही.

१० मार्च
पहिली बाटली फोडली. कुंपणापलीकडच्या टामातीला ग्लास दिला. जेवण असो, पाऊस असो, जावई असो, टामाती सगळ्याला 'ठीक' म्हणतो. त्यानं हुंगलं. प्याला नाही, परत हुंगलं. बायकोला हाक मारून तिच्या नाकाशी धरलं. मग ग्लास घेऊन दोघं घरात गेले ते गेलेच. मी कुंपणाशी एकटाच हसत उभा!

१५ मार्च
पहिला नंबर! चौदा बाटल्यांत पहिला! वासाला बारा गुण असतात; दोन परीक्षकांनी दहा-दहा दिले आणि केल्विननं अकरा. केल्विननं! डब्यातली आहे हे जाहीर झालं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. ग्लेनिसनं चारचौघांत माझ्या टकलाचा मुका घेतला.

मग अध्यक्षीणबाई मॉयरा म्हणाल्या, पुढच्या वर्षी मर्वनंच परीक्षक व्हावं, असं नाक दुसरं नाही. सगळे टाळ्या वाजवायला लागले. आता गप्प राहिलो तर जन्मभर गप्प राहावं लागेल असं वाटलं. उभा राहिलो. "मला वास येत नाही," म्हटलं. "दोन वर्षं झाली. ही बिअर मी बायकोच्या तोंडाकडे बघून केली."

मग मागून कुणीतरी बाकावर मूठ आपटायला लागलं, मग सगळेच. आमच्याबरोबर आलेला टामाती उभा राहून "ठीकच्या वर!" म्हणाला. मला रडू आलं, आवरलं नाही. केल्विन तेवढा आपल्या ग्लासात बघत बसला होता. डबा लागला असणार मनाला.

१६ मार्च
केल्विनचा फोन. बराच वेळ नुसता खाकरत होता. मग म्हणाला, "मर्व, लेका, मलाही वास येत नाही. त्याच तापापासून."

मग अकरा कसे दिलेस, म्हटलं.

"शेजारच्या परीक्षकाच्या तोंडाकडे बघून."