आम्ही ‘येतो’ म्हणालो त्याची हकीकत

ती. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप परत आलो. तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना, की सकाळची दुपारी आणि दुपारची विसरून? पाण्याची मोटर दुरुस्त झाली का? (या तिन्ही प्रश्नांना फोनवर "ठीक आहे" असं उत्तर मिळालं होतं. गुडघा, गोळी आणि मोटर एकाच वेळी सारखीच ठीक कशी असतील, म्हणून पुन्हा विचारतो.)

प्रवासाचं सविस्तर कळवा म्हणालात, म्हणून लिहायला बसलो. मला याची सवय नाही. आपल्या घरात बोलायचं खातं दादाकडे होतं. तो बोलायचा आणि मी "हं" म्हणायचो, त्यात आमचं दोघांचं छान चाललं होतं. नोकरीही वजनमापांच्या कचेरीत. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि अहवालात "काटा बरोबर" नाहीतर "काटा चूक" एवढंच लिहायचं. तेव्हा पत्र कोरडं वाटलं तर सांभाळून घ्या. या परदेशप्रवासाचा बेत खरं तर चौघांचा होता. दादा गेल्यावर तुम्ही आम्हा दोघांना ढकलून पाठवलंत आणि स्वतः दार लावून घरात बसलात. लेक चार दिवस राहायला येते म्हणाली तर तिलाही "मला कोणी नको" म्हणून परत लावलंत. मी दोनदा आलो, तर चहा देऊन दारातूनच वाटेला लावलंत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. (तुमच्या धाकट्या जावेचं आहे. ती इथे शेजारी मटार सोलत बसली आहे आणि आपण पत्र वाचत नाही असं दाखवते आहे.)

तर राहायची जागा. ती तुमच्या लेकीनेच मोबाईलवर शोधून दिली होती. मोठ्या शहराला अगदी लागून, शेतातलं घर, कमालीची शांतता, घरच्यासारखी वागणूक. यातलं एकही विधान खोटं नव्हतं. शहर लागूनच होतं, हवा स्वच्छ असली की त्याच्या इमारती क्षितिजावर दिसत. तिथे जायला बस होती आणि ती घराजवळच्या वळणावर थांबते असं आम्हाला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही वळणावर सभ्यपणे उभे राहिलो. बस आली, ड्रायव्हरने आमच्याकडे बघून हात केला, आम्हीही त्याला हात केला आणि तो निघून गेला. पुढे कळलं की बस थांबवायला आधी आपण हात करायचा असतो; आम्ही नुसते ओळख दाखवतो आहोत असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून तो आम्हाला बघून फार प्रेमाने हात करत असे आणि आम्हाला भीती वाटे, की हा पुन्हा पुढे जातो की काय.

शांततेचं म्हणाल तर ती इतकी होती की हिला दुपारी डोळा लागेना. कुकरची शिट्टी नाही, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकत नाही, भोंगा नाही. शेवटी ही मला म्हणाली, "अहो, काहीतरी बोला, म्हणजे झोप येईल." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही विनंती पहिल्यांदाच झाली. (मी बोललो. हिला लगेच झोप लागली.) पलंग इतका उंच की चढायला पायाशी चौरंग ठेवलेला, आणि दाराची चौकट इतकी ठेंगणी की मला कपाळावर रोज नवीन टेंगूळ. अंगणात एक पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी होता, बदकाच्या जातीचा, पण बदकाचा साधेपणा अंगात अजिबात नाही. आम्ही त्याचं नाव हवालदार ठेवलं. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाची तो चौकशी करी आणि माझी जरा जास्तच. हिला मात्र तो पाठीमागे हात बांधल्यासारखा चालत फाटकापर्यंत पोचवायला येई.

घराच्या मालकीणबाई तुमच्याच वयाच्या, उंच, कामाला खमक्या. त्यांचेही यजमान गेलेले, त्यामुळे माडीवरची खोली त्या पाहुण्यांना देतात. स्वयंपाकघरातला त्यांचा काटा थोडा जास्त वजन दाखवत होता, ते माझ्या ताबडतोब लक्षात आलं. पण आम्हाला वाढताना त्या काहीच तोलत नसत, म्हणून मी तक्रार केली नाही. त्यांची भाषा आम्हाला येत नाही आणि आपली त्यांना. दोन्हीकडे थोडंथोडं इंग्रजी होतं, त्यावर व्यवहार चाले. आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

आपण घराबाहेर पडताना "येतो" म्हणतो. परदेशात गेलो म्हणून सवय सुटत नाही. पहिल्या सकाळी शहर बघायला निघताना मी दारात मान लववून, शब्दाला शब्द इंग्रजी करून म्हणालो, "आम्ही येतो." त्यांनी आनंदाने मान हलवली. संध्याकाळी परत आलो तर बाई बाहेर जायचे कपडे घालून टेबलाशी बसलेल्या, समोर दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं. आम्ही लगेच परत येतो आहोत असं समजून त्यांनी बाजाराला जायचं रद्द करून दिवसभर वाट पाहिली होती. आम्ही खूप माफी मागितली. दुसऱ्या सकाळी निघताना पुन्हा तोंडातून तेच गेलं आणि त्यांनी पुन्हा ताटं मांडली.

तिसऱ्या दिवशी मी सरळ इंग्रजीत "आम्ही जातो" म्हणायचं ठरवून ठेवलं. पण जिना उतरतानाच हिने माझी बाही धरली. "जातो काय म्हणता? जीभ आवरा." मी म्हटलं, अगं इंग्रजीत आहे. तर म्हणे, "कोणत्याही भाषेत नको. या वर्षात तर नकोच." मग आम्ही काहीच न बोलता, नुसते हसून, हात हलवत बाहेर पडलो. त्याचा परिणाम असा झाला की बाईंना वाटलं आम्ही रागावलो. संध्याकाळी आमच्या खोलीत फुलं, नव्या चादरी आणि जामच्या दोन बाटल्या.

तेव्हा हिने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं समजावलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं दाराशी जाऊन-येऊन. आमच्याकडे निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मग तो ऑफिसला जावो, बाजारात जावो की परगावी. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, की असं म्हणून एखादा आला नाही तर?

वहिनी, त्या बाईंचा यात काही दोष नव्हता. त्यांना काय माहीत? दादा बँकेत जातो म्हणून निघाला तेव्हा तुम्हाला दारातून "येतो गं" म्हणाला होता, हे मी त्यांना कुठे सांगितलं होतं? मी हवालदाराला पाव घालायला बाहेर गेलो. (हवालदार त्या वेळी पलीकडच्या शेतात होता.) हिने काय उत्तर दिलं, ते मला कळलं नाही. मी परत आलो तेव्हा दोघी चहा पीत होत्या, आणि ही त्यांना तो शब्द मराठीत शिकवत होती. बाईमाणसाने "येते" म्हणायचं, तेही शिकवलं.

निघायच्या दिवशी सामान गाडीत ठेवलं. बाई फाटकापर्यंत आल्या. आम्ही काही बोलायच्या आतच त्यांनी पाठ केलेला शब्द मोठ्याने म्हटला, "येते!" आता घरात राहणाऱ्याने हे म्हणायचं नसतं, हे शिकवायचं राहून गेलं होतं. आणि ही सवयीने पटकन म्हणाली, "या हं, नक्की या." गाडी सुटली.

अशी ही हकीकत. तब्येतीला जपा. लेकीला आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर

ता.क. मालकीणबाई खरंच येताहेत. पुढच्या महिन्यात. तिकीट काढलं आहे. शेजारचे लोक हवालदाराला सांभाळणार आहेत. आमच्याकडे नेमकं रंगकाम काढलेलं आहे, सगळं सामान मधल्या खोलीत. तुमच्या घरी जागा आहे. दादाच्या खोलीत त्यांची सोय होईल का? थोडेच दिवस.

ता.क. २ (हे मी लिहिते आहे, ताई. हे बाहेर गेले आहेत, पाकीट आणायला.) आमच्याकडे कसलंही रंगकाम नाही. भिंती दोन वर्षांपूर्वीच रंगवल्या, तुम्हीच रंग निवडून दिला होतात. आणि माझं ते "या हं" ऐकून कोणी तिकीट काढत नसतं. आल्यावर यांनी त्यांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. बराच वेळ बोलले आणि पत्ता तुमचा दिला. मला नंतर सांगितलं. मी रागावणार होते, पण त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर गेलेले हे कुंपणाला धरून उभे होते, पाव हातात तसाच, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. मग नाही रागावले.

बाई चांगल्या आहेत. सारख्या त्यांच्या भाषेत बोलत असतात, एक अक्षर कळत नाही आणि उत्तर दिलं नाही तरी चालतं. मला तिथे फार बरं वाटलं. नको म्हणायचं असलं तर मला फोन करा, यांना करू नका. हे परवाच बाजारात जाऊन तुमच्याकडे न्यायला नव्या उशा घेऊन आलेत. दोन. दुसरी कोणाला, असं विचारलं तर म्हणाले, मला. दुभाषा लागेलच की.