यादीतलं नाव

बाबा, काल इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या हॉलमध्ये मी एका वयस्कर माणसाला चारचौघांत वाट्टेल ते बोलले आणि बोलताना तुमचं उदाहरण दिलं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी भांडणात साक्षीला मला तुम्हीच लागता.

झालं असं, की आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका आयपॅड घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते. भारताने आम्हाला दुहेरी नागरिकत्व द्यावं, असा अर्ज आणि खाली सह्या. "साइन कर गं. इथे सेटल झालो म्हणून तिकडच्या कारभारातला से सोडायचा का?" हेच काका मागच्या निवडणुकीत तीन आठवडे आपल्या तालुक्यात फोन करत होते, मत कुणाला द्यायचं ते सांगायला. तिथल्या नळाला पाणी येवो न येवो, यांना काय भोगायचंय? माझं डोकंच फिरलं. इथे हात वर करून शपथ घेतली ना, बाकी सगळ्या देशांची निष्ठा सोडली म्हणून? मग निळा पासपोर्टही हवा आणि तिकडचं सरकारही आपल्या मर्जीचं हवं! राग मला तिकडच्या सरकारचाही येतो. आम्हाला दिलेल्या कार्डावर ठळक छापायचं 'भारताचा परदेशस्थ नागरिक' आणि मताचं नाव काढलं की म्हणायचं, तुम्ही कसले नागरिक!

मग मी तुमची गोष्ट सांगितली. तुम्ही शाळामास्तर, दर निवडणुकीला केंद्राध्यक्ष. एका वर्षी ड्यूटी नेमकी मोठ्या काकांच्या गावी लागली. त्यांचा मुलगा सुरतेला कामाला, त्याची चिठ्ठी घेऊन काका आले, याचंही मीच टाकतो म्हणाले. तुम्ही सख्ख्या भावाला सगळ्यांदेखत परत पाठवलंत. त्या रात्री आई पिठलं वाढता वाढता तुम्हाला बोलतेय, एवढं काय बिघडलं असतं, यादीत नाव होतं ना पोराचं. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणता, "नुसतं यादीत नाव असून भागत नाही."

हे सगळं आयपॅडवाल्या काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तू तुझं नाव काढलंस का यादीतून?"

"हो," मी म्हटलं.

काढलेलं नाही, बाबा. दोन वर्षांपूर्वी घरी गेले तेव्हा निवडणूक होती. धाकटा म्हणाला, "ताई, नाव आहे ना अजून, चल की. कोण विचारतंय?" मी जुनं मतदार कार्ड घेऊन रांगेत उभी राहिले. टेबलामागच्या मास्तरांनी यादीवर बोट ठेवून माझा नंबर वाचला, माझं नाव वाचलं आणि वडिलांचं नाव म्हणून तुमचं वाचलं, मोठ्याने, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. कितीतरी वर्षांत कुणी ते उच्चारलं नव्हतं. मी बोट पुढे केलं. इथे परतल्यावर ती शाई नखातून जाईपर्यंत ऑफिसात डावा हात टेबलाखाली ठेवत होते.

तुमची स्वतःची नोंद धाकट्याने तुम्ही गेलात त्याच वर्षी कमी करून घेतली. माझं नाव वगळायचा फॉर्म आत्ता समोर उघडा आहे, सगळा भरलेला. माझं निघालं की त्याखालचं तुमचंही निघेल, म्हणून बटण दाबलं जात नाही.