पट्टी सोडताना न रडलेली मुलगी

आई, आज वॉर्डात पट्टी सोडताना एक मुलगी इतक्या मोठ्यानं रडली की शेजारच्या खोलीतले डॉक्टर डोकावून गेले, आणि मला बरं वाटलं. का बरं वाटलं, ते तुलाच कळेल. तू जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता शिरूरला मुलांच्या वॉर्डाची इनचार्ज आहे, पण माझी नजर अजून आधी लेकराच्या तोंडाकडे जाते, जखमेकडे नंतर. ही सवय मला कॉलेजात लागली नाही.

दौंडचा तो वीस खाटांचा दवाखाना. तू तिथं आया होतीस, सगळे तुला मावशी म्हणायचे. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत तुझ्याबरोबर यायचे, सिस्टरांच्या हाताखाली ताप बघायचे, कागद लिहायचे. त्या पाच वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी आणलं, तेव्हा पाय भाजून आठवडा होऊन गेला होता. ते कुरकुंभला कंत्राटी कामाला होते. तिला दाखल केलं आणि शिफ्टला निघून गेले. तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सिस्टर पट्टी सोडताहेत, मी ट्रे धरून उभी आहे, तू फरशी पुसतेयस. मुलगी छताकडे बघत पडलीय. मी कागदावर लिहिलं, 'शांत आहे, सहकार्य करते.' बाहेर आल्यावर तू विचारलंस, "काय लिवलंस?" मी सांगितलं. तू बादली खाली ठेवलीस. "पाच वर्साचं लेकरू जळक्या पायाची पट्टी सोडताना शांत ऱ्हातं व्हय? आन् तू शिकतीयास."

मग तू काय काय बघितलं होतंस ते सांगितलंस. उशीखाली भाकरीचे तुकडे आणि बिस्किटं लपवलेली. भेटायच्या वेळेला सगळी पोरं दाराकडे बघतात, ही बघत नाही. केसांच्या जटा झालेल्या. आणि सकाळी तिनं तुला विचारलं होतं, "मावशी, आज कुलूप लावनार का?" तू हे सिस्टरांना सांगितलंस. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचं काम बघा." तू उरलेली फरशी पुसलीस, हात धुतलेस, पदर सारखा केलास आणि डॉक्टर मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिलीस. मी मागं, लाजेनं अर्धी झालेली. मॅडमनी विचारलं, "बाप मारतो का तिला?"

"न्हाई मॅडम. अंगावर वळ न्हाई. तिला कुनी मारीत न्हाई, पर तिच्याकडं कुनी बघीतच न्हाई."

मॅडम लगेच उठल्या. त्यांनी मुलीचं वजन केलं, नखं, दात, पाठ, सगळं पुन्हा तपासलं आणि मला जे दिसतंय तेवढंच लिहायला लावलं. मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत. वजन तीन वर्षांच्या लेकराएवढं भरलं.

संध्याकाळी वडील आले, अंगावर कंपनीचा गणवेश तसाच. मॅडमचा आवाज चढणार हे तू ओळखलंस. खुर्ची सरकवलीस, पाण्याचा ग्लास दिलास आणि म्हणालीस, "बसा. पोरगी घरात एकलीच असती का?" त्यांनी आधी नाही म्हटलं. मग पाणी प्यायले आणि बोलले. बायको वारली होती. शेजारीण बघायची, ती घर सोडून गेली. "कुलूप न्हाई लावलं तर हायवेवर जाती, मावशी. दोन डाव गेली. डब्यात खायला ठिवून जातो. भाजली तवा मी कामावर व्हतो, रजा मागितली असती तर काढून टाकलं असतं." मॅडमनी शांतपणे ऐकलं, तरी बाल कल्याण समितीला कळवलं. कळवावंच लागतं, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. फाटकाशी मुलीच्या वडिलांनी तुला गाठलं. "मावशी, तुमी माजी पोरगी घालवली." तू मान खाली घातली नाहीस. "घालवली न्हाई. तिला बघनारी मानसं वाढवली."

त्या रात्री मात्र तू जेवली नाहीस.

ती पाच महिने बालगृहात राहिली. मग समितीनं वरवंडच्या आत्याला तयार केलं, अंगणवाडीत नाव घातलं, आणि वडील सुट्टीच्या दिवशी तिकडं जाऊ लागले. दर महिन्याला वजनाला तेच तिला दवाखान्यात आणायचे. तुझ्याशी बोलायचे नाहीत. चौथ्या की पाचव्या खेपेला पोरगी काट्यावर उभं राहायला तयार होईना. लाथा झाडून, भोकाड पसरून तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. तू हसत होतीस, आणि तुला हसताना बघून ते पहिल्यांदा म्हणाले, "लई वाढलीय मावशी."

आता गावोगावच्या आशाताईंच्या आणि नव्या सिस्टरांच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावतात. मी हीच गोष्ट सांगते. न रडणारं लेकरू, लपवलेलं अन्न, उशिरा आणलेली जखम. आधी विचारा, दिसेल ते लिहा, पण कळवल्याशिवाय राहू नका. सगळ्या वह्या काढून लिहून घेतात. तुला अक्षरओळख नव्हती आणि हा कागद मी कपाटातच ठेवणार आहे, म्हणून लिहिते. त्या गोष्टीत मी तुला आया म्हणत नाही, आई तर नाहीच. 'आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर' असं म्हणते. परवा एका आशाताईनं विचारलं, "त्या सिस्टर आता कुठं असतात?"

मी म्हणाले, "रिटायर झाल्या."