पुढारणीचा नंबर शेवटी

रविवार, ५ ऑक्टोबर
झालं! अकिनीबाईंची फाईल कमिटीपुढे जाणार. याच महिन्यात!
सकाळी ऑफिसात शिरले तर बाई खुर्ची सोडून टेबलाभोवती फेऱ्या मारतायत. मला बघितलं आणि दोन्ही हात वर. "मरीना, यल्ला, चल! तीन किनारे!" म्हणजे केनियातल्या त्यांच्या तलावाकाठची तीन गावं. तिथल्या बायका बारीक मासळी वाळवून विकतात. पाऊस आला की लाकडं पेटवून धुरावर सुकवतात. त्यांना उन्हाच्या उष्णतेवर चालणारे ड्रायर घ्यायला आमच्या फंडाने कर्ज द्यायचं, तारण काही न मागता, नुसत्या गटाच्या शब्दावर. एवढंच मागणं. एवढंच म्हणे! याच्यासाठी बाई आपला देश सोडून दोहात सल्लागार म्हणून येऊन बसल्यात, आणि डिसेंबरात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट खलास. आता झालं तर झालं, नाहीतर रिकाम्या हाताने परत.
आणि प्रेझेंटेशन कोण बनवणार? मी! आजवर बाईंच्या मीटिंगा लावल्या, तिकिटं काढली, चहात साखर किती ते लक्षात ठेवलं. आता स्लाईड माझ्या, आणि अर्ध्या मीच बोलायच्या.
घरी येऊन नेल्सनला सांगितलं. म्हणाला, "बरं. भात लावू का?" हा माझा नवरा.

मंगळवार, ७ ऑक्टो.
पहिली स्लाईड बाईंच्या परिचयाची. (यापुढे अ.बाई. पूर्ण नाव लिहून हात दुखतो.) सीव्ही इतका लांब की कमिटी वाचता वाचता निवृत्त होईल. म्हटलं, खरं काय ते तोंडाने सांगा.
सांगितलं. मी जेवायचं विसरले.
सुरुवात तलावाकाठच्या शहरात, बँकेत क्लार्क. मासळीवाल्या बायका खातं उघडायला यायच्या, दारावरचा वॉचमन आत सोडायचा नाही. वास येतो म्हणून. अ.बाईंनी एक दिवस आपलं टेबलच उचलून बाहेर आंब्याखाली नेलं. मॅनेजर धावत आला, "बँक आत आहे!" बाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक बाहेर आहे." लगेच बदली, मागच्या खोलीत. तिथून राजीनामा. मग गावोगाव बायकांचे गट, मोबाईलवरून बचत, मग नैरोबी, मंत्रालय, परिषदा, व्यासपीठं.
मला वाटलं संपलं. पण नाही. "गटांच्या हातात पैसा आला," म्हणाल्या, "तशी त्यांनी जास्त मासळी घेतली. जास्त मासळी म्हणजे जास्त लाकूड. मी परत गेले तेव्हा काठावरची झाडं गेलेली, आणि बायका खोकत होत्या. आणि मला मात्र पुरस्कार मिळत होते." त्या दिवसापासून धुराच्या मागे लागल्यात. ज्याला आता सगळे मोठ्या तोंडाने ग्रीन फायनान्स म्हणतात, ते त्यांच्या लेखी एवढंच, बायकांच्या कमाईने बायकाच आजारी पडू नयेत.
माझी आई पाचूबंदरला आयुष्यभर बोंबील वाळवत आली. हे सगळं मला नवीन नाही, तरी अंगावर काटा आला. हे मी कमिटीपुढे सांगणार! मी!

शुक्रवार, १० ऑक्टो.
सकाळी चर्च. अ.बाई आफ्रिकन मंडळींच्या गायनात, आवाज असा की आमच्या मराठी गटातल्या बायका माना वळवून बघत होत्या. तिथूनच त्यांना उचलून घरी वक्र्याला आणलं, आज आमच्याकडे भिशी.
काय खूश झाल्या! वाटीतल्या चिठ्ठ्या, आरडाओरडा, कोणाचं नाव निघतं त्यावरून चिडवाचिडवी. सुनंदाताई (आमच्यातल्या नाशिकच्या, अल सद्दहून येतात) म्हणाल्या, मुलीच्या ॲडमिशनसाठी या वेळी मला हवी. ज्या बाईचं नाव निघालं होतं तिने लगेच चिठ्ठी सोडली. अ.बाईंनी माझा दंड धरला. "आमच्यात पण असंच! अगदी असंच!"
माझी लेक रिया तिच्या मैत्रिणीला सांगत होती, "माय मॉम रन्स अ बँक." रन्स अ बँक! हसू आवरेना. पण ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
अ.बाईंनी सुकटीची चटणी बोटं चाटून खाल्ली, उरलेली डब्यात घालून नेली.

बुधवार, १५ ऑक्टो.
स्लाईड तयार. शेवटची राहिली होती 'गट कसा चालतो' ती. अ.बाई नैरोबीच्या फेरीवर, फोन लागेना. लागला तेव्हा विमानतळावरचा गोंगाट. म्हणाल्या, "तू गट चालवतेस मरीना, तुला मी काय शिकवायचं? लिही." मग काय, एका बैठकीत लिहून काढली. रोज उठून करतो तेच तर आहे. महिन्याला जमणं, शब्दावर व्यवहार, अडलेल्या बाईला आधी, आणि पहिला नंबर चालवणारीचा, बिनचिठ्ठीचा.
नेल्सनला वाचून दाखवली. त्याने टीव्ही बंद करून ऐकलं. म्हणजे चांगली झाली असणार.

बुधवार, २२ ऑक्टो.
काय लिहू.
सुरुवात इतकी छान. आंब्याखालचं टेबल सांगितलं तेव्हा अध्यक्ष जाबेरसाहेब चक्क पुढे सरकून बसले. मग ती स्लाईड आली.
जाबेरसाहेब: "पहिलं कर्ज पुढारणीला?"
मी, छाती फुगवून: "हो सर."
अ.बाई: "नाही सर. शेवटचं."
दोघी एकाच दमात. एकाच टेबलावरून.
पलीकडचा एक मेंबर म्हणाला, हेच तर होतं, पुढारी आधी आपलं घर भरतात आणि गट बुडतात, आणि इथे तर तुमचं तुम्हालाच माहीत नाही. जाबेरसाहेबांनी फाईल मिटली. पुढच्या बुधवारी परत या. नियम नक्की काय तो गटांकडूनच आणा.
त्यांच्यात पुढारणीचा नंबर सगळ्यांच्या शेवटी असतो. मला काय माहीत! आमच्यात पहिला, म्हणून जगात सगळीकडे पहिला असं धरून चालले. बाईंची इतक्या वर्षांची मेहनत आणि मी माझी भिशी चिकटवून मोकळी. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

गुरुवार, २३ ऑक्टो.
अ.बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. केबिनचं दार लावलं आणि विचारलं, शेवटी का, ते तुला कळतं का?
नाही म्हटलं.
म्हणाल्या, मासळी सडली, ड्रायर बिघडला, कोणी हप्ता चुकवला, तर खड्डा शेवटच्या नंबरला पडतो. म्हणून तिथे पुढारीण उभी. तिचाच नंबर धोक्यात, म्हणून ती रोज प्रत्येकीच्या दारात जाते, कोणाचं काय अडलंय बघते. "हेच माझं तारण. जमिनीचे कागद नाहीत, ही बाई आहे."
मग मला विचारलं, तुमच्यात पहिली का? मी म्हटलं, कारण नंतर कोणी गळली तर तिचा हप्ता मला भरावा लागतो.
"आणि पैसे घेऊन तूच पळालीस तर?"
"पळते कुठे? दर शुक्रवारी सगळ्या एकाच चर्चमध्ये भेटतात. ज्या चर्चच्या नाहीत त्या लुलू सुपरमार्केटमध्ये."
यावर बाई जे हसल्या! टेबलावर थापा मारून. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. मी पण हसले, थोडी रडले पण. म्हणाल्या, "हे सांग त्यांना. दोन्ही सांग." अजून खेळ संपलेला नाही!

शनिवार, २५ ऑक्टो.
तिन्ही किनाऱ्यांशी व्हिडिओ कॉल, आमच्या हॉलमधून. नेल्सनने टीव्हीला जोडून दिला (बोलत नाही, पण करतो). तीनही ठिकाणी बायकांनी आपला नियम कॅमेऱ्यासमोर सांगितला, अ.बाईंनी इंग्रजीत केला, मी रेकॉर्ड केला.
तिसऱ्या किनाऱ्याची पुढारीण म्हणजे अ.बाईंची आई! मला पत्ताच नव्हता. डोक्याला निळा रुमाल, आवाज लेकीपेक्षा मोठा. मागे जाळ्यांवर चंदेरी मासळी पसरलेली, वर आभाळ भरून आलेलं, बोलता बोलता बायका धावत जाऊन गोळा करतायत. तिथे पाऊस सगळ्यांत जास्त, असं अ.बाई म्हणाल्या. म्हातारी मध्येच खोकत होती.
मी स्वयंपाकघरातून सुका बोंबील आणून कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडे हशा! म्हातारीने काहीतरी विचारलं. अ.बाई: "विचारतेय, या माशाला काय झालं होतं?"
रात्री पाचूबंदरला आईला फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्या बायांना बोल, धूर डोल्यात जातो तवा कुनी इचारत नाय. तू इचारतेस ना, मंग नीट इचार, बाय."

बुधवार, २९ ऑक्टो.
मिळालं!!!
थांब, नीट लिहिते.
आधी मीच उठले. म्हटलं, मागची स्लाईड चुकीची, चूक माझी, मी माझ्या भिशीचा नियम त्यांच्या नावावर लिहिला. मग रेकॉर्डिंग लावलं. मग पहिला नंबर का आणि शेवटचा नंबर का, दोन्ही सांगितलं. कागदातलं एक अक्षर नाही, जसं सुनंदाताईंशी बोलते तसं बोलले. पलीकडचा मेंबर म्हणाला, पण शब्दावर कर्ज कोणी देतं का? अ.बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ज्या बायकांना ओळखत नाही त्यांना नका देऊ. मी ओळखते. मी शेवटी उभी आहे."
जाबेरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, त्यांची आई इथेच, जुन्या वक्र्यात, शेजारणींची अशीच जमइया, म्हणजे त्यांच्यातली भिशी, चालवायची. तिचा नंबर कितवा असायचा ते कधी विचारलंच नाही. आज विचारायला ती नाही.
आणि मग: दोन किनाऱ्यांना मंजूर! तिसरा एक हंगाम या दोघांचं बघून, इन्शाल्ला. कोणते दोन ते बाईंनी ठरवून उद्या कळवायचं.
लिफ्टमध्ये अ.बाई नाचल्या. खरोखर नाचल्या, मला पण नाचवलं, चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि एक गृहस्थ आत न येता तसेच उभे राहिले. सुनंदाताईंना फोन, आईला फोन. नेल्सनने स्वतःहून आईस्क्रीम आणलं. रिया म्हणते, "ममा, यू आर शायनिंग." घामाने असेल. पण नाही, आज मला वाटतंय खरंच.

गुरुवार, ३० ऑक्टो. (ऑफिसातूनच)
सकाळी अ.बाईंनी नावं सांगितली, मी मेल टाईप केला. पहिलं, दुसरं. तिसरं, म्हणजे थांबायचं, त्यांच्या आईचा किनारा.
माझा हात थांबला. म्हटलं, तिथे तर पाऊस सगळ्यांत जास्त. आणि आई...
"टाईप कर. तिन्ही गटांची पुढारीण मी आहे. मग माझा किनारा शेवटी. उद्या कोणी म्हणायला नको."
केलं. अभिमान वाटला. ही बाई! म्हटलं, पाठवू? म्हणाल्या, आधी आईला सांगते, तिच्या तोंडून शाबासकी ऐकू दे. फोन स्पीकरवर. इतक्या खुशीत होत्या, खुर्चीत गिरक्या घेत बोलत होत्या.
मग म्हातारी बोलायला लागली. भांडल्यासारखी नाही, हळू, एकेक शब्द. अ.बाईंची खुर्ची फिरायची थांबली. फोन ठेवला गेला.
काय म्हणाल्या, विचारलं.
"म्हणाली, मी पुढारीण, मी थांबते. तू पुढारीण, तू थांब. पण माझ्या गटातल्या बाकीच्या बायका कशाच्या पुढारणी आहेत? त्यांनी काय केलंय? तुझ्या आईच्या शेजारी राहतात, एवढंच ना?"
कालपासून कमिटीला, सुनंदाताईंना, सगळ्या जगाला मी हाच नियम ऐटीत समजावत सुटलेय, आणि हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. त्यांच्याही आलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं.
"मेल गेला?"
"नाही."
"थांब मग."
आत्ताच जाबेरसाहेबांच्या सेक्रेटरीचा फोन येऊन गेला, नावं कुठे अडली? म्हटलं, देतो, जरा बोलणं चाललंय. खाली नेल्सन गाडी घेऊन आलाय, त्याला वर बोलावलं. मेल माझ्यासमोर तसाच उघडा, तिसऱ्या ओळीवर. अ.बाईंनी बूट काढून ठेवलेत आणि, कोण थांबायला तयार आहे ते आता गटांनाच विचारायचं म्हणून, पहिल्या किनाऱ्याला फोन लावलाय, मग दुसऱ्याला लावणार. तिकडे रिंग जातेय. कोणी उचलत नाही अजून, मासळी उतरायची वेळ असेल.